गेंड्याचा वेग आणि भोयरकाका

भोयरकाकांना जेवायला बोलावलं, की वाढण्याआधी ताट स्वतः एकदा नीट बघून घ्यावं लागे. मीठ कमी पडलं, पोळी करपली, तरी हा माणूस चकार शब्द काढायचा नाही. पण ताटात लिंबाची फोड आहे आणि ती पिळावी असा पदार्थच नाही, असं झालं की संपलं. फोड चिमटीत धरून, ट्यूबलाइटच्या उजेडात फिरवून ते अत्यंत आदराने विचारायचे, "वहिनी, हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठीच काका," माझी बायको बिचारी म्हणाली.

"ते समजलं मले. पण भेंडीवर पिळू का खिरीत?"

बायकोच्या आईच्या ताटात लिंबू असायचं, तिच्या आईच्याही असायचं. वाढणाऱ्या इतक्या बायकांमध्ये कोणालाच हा प्रश्न पडला नव्हता. बायको पुढे दोन दिवस माझ्यावर फुगून होती, जणू लिंबावर आक्षेप मीच घेतला होता.

भिलाईच्या सेक्टर सहामध्ये आमच्या क्वार्टरला लागून त्यांचं क्वार्टर. त्यांचं म्हणजे सुमनकाकूंचं. काकू कारखान्याच्या कार्यालयात होत्या, काका रेल्वेतून निवृत्त झालेले. "कारखान्याच्या गावात रेल्वेचा माणूस म्हणजे घरजावई," असं ते स्वतःच सांगायचे, आणि घरजावयाला शोभेल अशा अदबीने पायरीवर बसायचे. अंगात बनियन, खाली मात्र कडक इस्त्रीची काळी पँट, कानामागे पेन. बनियनला खिसा नसतो, हे त्या पेनाचं स्पष्टीकरण. पेन कशाला, असं विचारायची हिंमत आम्हा कोणाची झाली नाही. तसले प्रश्न विचारायचा मक्ता त्यांचाच होता.

नोकरीत ते कंट्रोलर होते. एका मोठ्या टेबलाशी बसून, कानाला फोन लावून, कोणती गाडी आधी काढायची आणि कोणती बाजूच्या लाइनवर उभी ठेवायची हे ठरवणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. फोनवर दिलेला हुकूम समोरच्याने शब्दशः परत म्हणून दाखवायचा असतो, म्हणजे ऐकण्यात घोळ होत नाही. ही सवय घरी आली. काकू आतून ओरडायच्या, "येताना दही आणा!" आणि काका फाटकात उभे राहून खणखणीत आवाजात म्हणायचे, "येताना दही आणतो!" मग तिथेच थांबायचे. काकूंनी आतून "हाव!" म्हटल्याशिवाय स्कूटर सुरू होत नसे.

त्यांचा प्रश्न काय करू शकतो हे आम्ही एका गणेशोत्सवात पाहिलं. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत एक लाल सोफा ठेवला जायचा, आणि तो दरवर्षी रिकामा राहायचा. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं मांडीला मांडी लावून, उरलेली भिंतीला टेकून उभी.

"हा कोणासाठी?" काकांनी विचारलं.

"साहेबांसाठी," कार्यकर्ते म्हणाले.

"कोणत्या?"

इथे कार्यकर्त्यांची धावपळ उडाली. चौकशीअंती निघालं ते असं: फार वर्षांपूर्वी एका मोठ्या साहेबांनी उद्घाटनाला यायचं कबूल केलं होतं. त्यांच्यासाठी सोफा आणला. साहेब आलेच नाहीत. पुढे ते निवृत्त होऊन पुण्याला गेले, सोफा मात्र पहिल्या रांगेत टिकून राहिला. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, काकूंना हाक मारली आणि दोघं जाऊन सोफ्यावर बसले. काकू नाटक संपेपर्यंत डोक्यावरचा पदर सोडत नव्हत्या, इतक्या लाजल्या. दुसऱ्या वर्षी त्याच सोफ्यावर गुडघेदुखीवाल्या आज्यांची रांग लागली.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस नेहमीच बरोबर ठरत असणार. अजिबात नाही. उलटी गोष्टही त्यांनीच मला सांगितली होती, पायरीवर बसून, पोहे खाता खाता.

"जवान होतो मी तवा. एक मालगाडी रोज एका फाटकापाशी जराशी थांबे. टेशन नाई, सिग्नल नाई. मी सगळ्याईले इचारलं, कोणासाठी? कोणालेच सांगता येईना. मंग मी थांबणं काढून टाकलं. गाडी वेळेच्या आधी पोचे, मी खुश. चार रोजानं फाटकवाल्याची बायको रिकामी कळशी घेऊन आमच्या हापिसात. त्या गाडीच्या इंजिनातून तिले पाणी भेटे. तिथं जवळ दुसरं पाणीच नव्हतं." काकांनी पोह्यांतला शेंगदाणा बाजूला केला. "त्या बाईनं माझंच टेबल शोधलं. कळशी टेबलावर ठेवली अन् उभी राहिली. तवापासून मी इचारतो भरपूर, पण उत्तर भेटल्याशिवाय खोडत नाई."

निवृत्तीनंतर मात्र या माणसाचं अवघड झालं. नोकरीत सगळ्या लाइनीवरचे स्टेशनमास्तर त्यांना विचारत आणि ते सगळ्यांना. आता फोन वाजला तर गॅसच्या नंबरासाठी. सगळे प्रश्न काकूंच्या वाट्याला आले. डब्यात हळदीचा चमचा वेगळा कोणासाठी? दाराला दोन कड्या कोणासाठी? शेवटी काकूंनी फर्मान काढलं, "मी घरी असन तवर घरात प्रश्न बंद. बाहेर जा अन् ज्याले इचारायचं त्याले इचारा."

काका बाहेर आले ते सरळ आमच्या घरात.

माझी मुलगी केतकी तेव्हा दुर्गच्या कॉलेजात शिकत होती आणि मोबाइलवर एक झुंजीचा खेळ खेळायची. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे सहा अक्राळविक्राळ प्राणी, एकेक मैदानात उतरवायचा. प्रत्येक प्राण्याला ताकद, बचाव, वेग असे गुण असतात आणि त्यांत वाटायला मालकाला ठरावीक गुण मिळतात. वेगात जास्त घातले की बचावात कमी पडतात. ज्याचा वेग जास्त, त्याचा वार आधी. हे वाटप कसं करावं याची मार्गदर्शकं नेटवर असतात, आणि केतकीच काय, सगळे खेळाडू डोळे मिटून तेच आकडे घालतात.

केतकीने हे सगळं समजावलं तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हणजे कोणाले आधी काढायचं अन् कोणाले मागे ठेवायचं! पोट्टे, मी जिंदगीभर हेच तं केलं!"

त्यांनी प्राण्यांची नावं बदलली. केतकीचा उडता साप म्हणजे मेल, केसाळ अस्वल म्हणजे पॅसेंजर, आणि लोखंडी कातडीचा एक मठ्ठ गेंडा म्हणजे मालगाडी. गेंड्यावर त्यांचा जीव जडला. मग त्यांनी मार्गदर्शक वाचायला घेतलं, आणि गेंड्याच्या पानावर थांबले.

"वेगाले चाळीस. कोणासाठी?"

"म्हणजे?" केतकी म्हणाली.

"म्हणजे हा गेंडा धावून कोणाच्या पुढं जाऊन राहिला?"

केतकीला माहीत नव्हतं. तिने जुनी पानं उकरली. सर्वांत जुन्या पानावर छत्तीस होते, आणि कारणही होतं: एक दगडी कासव तेव्हा फार माजलं होतं, त्याच्या आधी वार करता यावा म्हणून. मग कोणीतरी सदतीस केले, छत्तीसवाल्या गेंड्यांच्या पुढे जायला. मग अडतीस. असं सरकत सरकत चाळीस. मधल्या काळात खेळाच्या कंपनीने कासवाची ताकद इतकी छाटली, की ते आता कोणी मैदानात आणतच नव्हतं.

काका उठून उभे राहिले. "कासव गेलं घरी! तरी सगळे गेंडे त्याच्या पुढं धावूनच राहिले!" मग माझ्याकडे वळून, डोळे मोठे करून, "सोफा बे! हा तोच सोफा आहे!"

मार्गदर्शकाच्या प्रत्येक पानाखाली प्रश्न विचारायची सोय होती. काकांनी केतकीकडून खातं उघडून घेतलं आणि रेल्वेच्या थाटात हिंदीत पहिला प्रश्न पाठवला: "गेंडा. वेग चालीस. कारण बताएँ. संदेश मिला, यह भी बताएँ." मार्गदर्शक चालवणाऱ्याचं टोपणनाव 'वादळ'. त्याचं उत्तर आलं, "अंकल, ये स्टँडर्ड है." काकांनी विचारलं, "स्टँडर्ड किसके लिए?" कोणीतरी मध्येच टोमणा टाकला, "अंकलजी, भजन करो." काकांनी लिहिलं, "भजन किसके लिए है, मालूम है. चालीस किसके लिए है, वो बोलो."

मग ते सुटलेच. सापाचा बचाव कोणासाठी, अस्वलाची ताकद कोणासाठी. काही जण चिडले, काही जण खरोखर हिशेब करून उत्तरं देऊ लागले. गेंड्याबद्दल काकांचं म्हणणं एकच होतं: वेगातले गुण काढून बचावात टाका. हल्ली जो तो सुसर घेऊन येतो. तिच्या पाण्याच्या फवाऱ्याने गेंडा पहिल्याच फटक्यात मरतो. बचाव वाढवला तर एक फवारा झेलून तो उलटा वार करू शकेल. सकाळी काकू कामावर गेल्या की हा माणूस अंघोळ करून, इस्त्रीची पँट घालून, फोनसमोर बसायचा. कोणी काय विचारलं, कोणी काय कळवलं, हे आम्हाला फाटकातूनच ओरडून सांगायचा. पुष्कळ दिवसांनी ते टेबलाशी बसल्यासारखे दिसत होते.

शेवटी वादळ वैतागला. त्याने सगळ्यांसमोर लिहिलं: दुर्गला आपल्या राज्याची स्पर्धा आहे, अंकलनी आपला गेंडा घेऊन उतरावं. उपांत्य फेरी गाठली तर पान बदलू. नाही गाठली तर अंकलचं खातं बंद, प्रश्न बंद.

"हरले तं?" काकूंनी विचारलं.

"तं बंद."

"म्हणजे मंग पुन्हा मलेच इचारसान?" काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "केतकी, याहिले नीट शिकव माय. तुले काय लागन ते सांग. चकल्या पाठवते."

हसलो आम्ही सगळे. काकाही हसले. काकू आत गेल्यावर मात्र मला हळूच म्हणाले, "चकल्याईचं ठीक आहे. पण तिथून काढलं तं मी इचारू कोणाले? आता जमते आहे थोडं."

पुढचे काही दिवस आमच्या बैठकीत अखंड कत्तल चालली. मला सुसर करण्यात आलं. मी फवारा मारायचा, गेंडा मरायचा, केतकी वेगातले दोन गुण काढून बचावात टाकायची, मी पुन्हा फवारा मारायचा. मी फवाऱ्यागणिक तोंडाने आवाजही काढत होतो. तो कोणासाठी, असं काकांनी विचारलं तेव्हा बंद केला. एका दुपारी गेंडा पडला नाही. त्याच्या जिवाची पट्टी घसरत घसरत केसाएवढी उरली आणि तिथे थांबली. काकांनी बचावाचा तो आकडा मोठ्याने म्हटला आणि थांबले. केतकीने तो परत म्हणून दाखवला. मग ते चहा प्यायले.

स्पर्धा केतकीच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये होती. आम्ही चौघं गेलो. काका पांढरा शर्ट, काळी पँट. शर्टाला खिसा असूनही पेन कानामागेच. काकू दशम्यांचा डबा घेऊन. भोवती सगळी विशी-पंचविशीची मंडळी. एकाने काकांना वाकून विचारलं, "सर, आप जज हैं?" मी तत्परतेने "हो" म्हणणार होतो, काकूंनी चिमटा काढला.

वादळही भेटला. मी मनात शिडशिडीत, केस वाढवलेला कोणी धरला होता. निघाला रायपूरचा दातांचा डॉक्टर, गोलमटोल, टक्कल पडायला लागलेला. त्याने आधी काकांच्या पाया पडून मग सांगितलं, "अंकल, शर्त मतलब शर्त."

"शर्त मतलब शर्त," काकांनी परत म्हणून दाखवलं.

पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या. काका खेळताना प्रत्येक चाल मोठ्याने जाहीर करायचे: "मेल काढतो! पॅसेंजर मागे घेतो!" आणि समोरचा काही परत म्हणतो का याची वाट बघायचे. दोन फेऱ्यांनंतर भोवती जमलेली पोरंच कोरसमध्ये म्हणायला लागली, "पॅसेंजर पीछे!" काका हुकुमाला पोच मिळाल्यासारखी मान हलवायचे.

उपांत्यपूर्व फेरीत समोर एक चष्मेवाली मुलगी, आणि तिच्याकडे सुसर. काकांचा गेंडा मैदानात उतरला तेव्हा मुलगी मनापासून हसली. सगळ्यांनाच माहीत होतं, एक फवारा आणि खेळ खलास. तिने फवारा मारला. मोठ्या पडद्यावर गेंड्याची पट्टी हिरवी होती ती पिवळी झाली, पिवळीची लाल झाली, आणि लाल सरकत कडेला गेली. काकूंनी डब्याचं झाकण घट्ट दाबून धरलं होतं. मी पडद्याकडे बघत होतो, वादळ पडद्याकडे बघत होता. काका तेवढे त्या मुलीकडे बघत होते, शांतपणे, ठरलेली गाडी येणारच आहे अशा नजरेने.

पट्टी थांबली.

"मालगाडी काढतो," काका म्हणाले, आणि हॉल दणाणला, "मालगाडी निकली!" गेंड्याने सुसरीला शिंगावर घेतलं.

उपांत्य फेरी गाठली गेली होती, शर्त जिंकली होती. तिथे हा लेख मी संपवला असता तर काकांनीच मला सोडलं नसतं, कारण उपांत्य फेरीत ते सपाटून आपटले. समोरच्या मुलाकडेही गेंडाच होता, मार्गदर्शकातला, वेगाला चाळीसवाला. दोन गेंडे समोरासमोर आले आणि काकांचा मंद गेंडा शिंग उचलायच्या आत दुसऱ्याने त्याला उताणा केला. हॉल हळहळला. काकूंनी "अगं माय" म्हटलं.

काका मात्र उठले, टेबलाला वळसा घालून त्या मुलाचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "सापडलं! गेंड्यासाठी होते ते! जुन्या पानावर होतं, मीच ध्यानात नाई घेतलं! सगळे नाई, पण काही गुण तं कामाचे होते!" मग वादळकडे वळून, "डॉक्टरसाब, पान बदलना, लेकिन दोनों बात लिखना. सुसर आए तो ये, गेंडा आए तो वो. कारण के साथ."

वादळने पान त्याच आठवड्यात बदललं. गेंड्याखाली काकांचा आकडा आला, नाव दिलं 'भोयर गेंडा'. कारण मात्र आलं नाही. वादळने फोन करून समजावलं, "अंकल, कारण कोई पढ़ता नहीं. नंबर चाहिए बस."

आणि बघता बघता भोयर गेंडे सगळीकडे झाले. केतकी कौतुकाने दाखवायची, काका, बघा, हा गुवाहाटीचा खेळाडू, हा कोचीचा, सगळे तुमचाच आकडा घालतात. काका बघायचे आणि मान हलवायचे. ते रोज पान उघडत. खाली "थँक्यू अंकल" असायचं, अंगठे असायचे, फुलं असायची. प्रश्न नसायचा.

"इतक्या लोकाईनं घेतला," ते मला एकदा म्हणाले, "एकानं तरी इचारावं ना बे, कावून?"

"तुमच्यावर विश्वास आहे, काका."

"विश्वास कायले पायजे? मी इथं बसलो आहे ना, सांगाले."

इस्त्रीची पँट हळूहळू बंद झाली. दुपारीही लेंग्यावर दिसू लागले. काकूंनी घरातली प्रश्नबंदी उठवली, स्वतः होऊन. एकदा ताटात मुद्दाम लिंबाची फोड ठेवून बघितली, मला त्यांनीच सांगितलं. काकांनी ती मुकाट पिळून टाकली. त्या दिवशी काकू घाबरल्या.

मग काकू निवृत्त झाल्या. क्वार्टर सोडून दोघांनी नागपूरला काकांच्या धाकट्या भावाजवळ राहायला जायचं ठरलं. सामान भरायला मिनी ट्रक आला त्या सकाळी मी आणि केतकी मदतीला गेलो. काकू फाटकात उभ्या राहून सूत्रं हलवत होत्या, "कपाट आडवं नाई, उभं! अहो, उठा ना, गादी पायजे त्याहिले!"

काका गुंडाळलेल्या गादीवर बसले होते, फोन नाकाला लावून. मी जवळ गेलो तर न बघताच फोन माझ्यापुढे धरला. गेंड्याच्या पानाखाली भंडाऱ्याच्या कोणा मुलीने मराठीत लिहिलं होतं: "बचावाला इतके गुण कशासाठी? मागच्या महिन्यात कंपनीने सुसरीचा फवारा कमी केला. मी मोजून बघितलं. आता यातले निम्मे पुरतात. उरलेले वाया जाऊन राहिले. मला चुकीचं वाटतं. कारण सांगाल का?"

"बरोबर आहे का ती?" मी विचारलं.

"एकदम बरोबर!" काकांचा चेहरा असा झाला होता, की बघून हमालसुद्धा थांबला. "माझा आकडा गेला कामातून! पार गेला! कोणाच्या ध्यानात नाई आलं, माझ्या नाई, डॉक्टरच्या नाई. हिनं मोजलं!"

"अहो!" काकू ओरडल्या. "ट्रक निघून राहिला!"

"ट्रक निघून राहिला," काकांनी परत म्हटलं, गादी सोडली आणि फोनमध्ये बघतच केबिनमध्ये चढले. काकू मध्ये, ते खिडकीशी. केतकी खिडकीखाली जाऊन म्हणाली, "काका, पोचल्यावर फोन करा." त्यांनी मान हलवली, पण ऐकलं नव्हतं. त्यांना त्या मुलीला कारण लिहून कळवायचं होतं, पहिल्यापासून, सुसर कशी माजली होती तिथपासून.

ट्रक कोपऱ्यावर वळला. काकूंनी खिडकीतून हात काढून आम्हाला टाटा केला. काकांनी केला नाही. त्यांचे दोन्ही अंगठे कामात होते.